वावरातील शिलावर्तुळे आणि पडद्यावरील अचूकता : या चुका टाळा

पुरातत्त्व, भूशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना एकत्र आणणारे प्रकल्प विदर्भातील गावांपर्यंत पोहोचू लागले आहेत, याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि प्रत्येक नवा गट जुन्याच चुका नव्या उत्साहाने करतो. त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : संगणकाने दिलेले उत्तर वावरात जाऊन तपासण्याचा कंटाळा.

सर्वांत महाग पडणारी चूक उपग्रहचित्रांची आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील महापाषाणीय शिलावर्तुळांची, म्हणजे लोहयुगातील दफनांभोवती मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेल्या वर्तुळांची, नोंद ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी 1879 मध्ये प्रसिद्ध केली. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील उत्खननांमुळे या भागातील लोहयुगाचे चित्र पुढे बरेच स्पष्ट झाले. अशी वर्तुळे आणखी किती शिल्लक आहेत हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला ज्ञात वर्तुळांची चित्रे दाखवून त्याच्याकडून शोधून घ्यावे, ही कल्पना चांगली आहे. पण तिच्यामागे धावणारा नवशिका आधी फुकट मिळणारी सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रे उतरवून घेतो. त्या चित्रांतील सर्वांत बारीक पिक्सेल जमिनीवर 10 मीटरचा असतो आणि येथील अनेक वर्तुळांचा व्यास दहा-पंधरा मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ज्याला वर्तुळ म्हणून ओळखायचे, ते चित्रात एक-दोन ठिपक्यांपुरते उरते. एवढा साधा भागाकार काम सुरू करण्यापूर्वी करायला हरकत नसावी.

अधिक स्पष्ट चित्रे मिळवणारेही पुढच्या खड्ड्यात पडतात. शहरातील एका संस्थेच्या गटाने ज्ञात स्थळांची चित्रे लहान तुकड्यांत कापली, ते तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि त्यांतील काही प्रशिक्षणासाठी व काही चाचणीसाठी ठेवले. अचूकता शंभराला टेकली आणि मंडळी खूश झाली. पण एकाच वर्तुळाचा एक अर्धा भाग प्रशिक्षणात आणि दुसरा चाचणीत गेला होता; माती तीच, ऊन तेच, सावलीची दिशाही तीच. मॉडेलने वर्तुळ ओळखायला शिकण्याऐवजी ती जागाच पाठ केली होती. त्याच मॉडेलने दक्षिणेकडील एका तालुक्यातील नव्या शिलावर्तुळांची लांबलचक यादी दिली, तेव्हा ती पडताळून पाहण्यासाठी आम्हाला बोलावण्यात आले.

मे महिन्यात गावच्या कोतवालाला बरोबर घेऊन आम्ही एकेक बिंदू पाहू लागलो. पहिला बिंदू खळ्याचा निघाला. दुसऱ्या बिंदूवर विहीर होती आणि खोदताना निघालेला मुरूम तिच्याभोवती गोलाकार पसरलेला होता. त्यानंतर कुटाराची (कडब्या-भुशाची) जागा, जनावरे बांधण्याचे गोल आवार, पुन्हा विहीर. गटातील तरुण शेवटी उन्हात न उतरता गाडीतूनच बिंदूंवर फुल्या मारू लागले. कोतवालाने मात्र यादीत नसलेल्या एका धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, बोट दाखवले. ‘‘त्या कोपऱ्यात फाळ टिकतच नाही जी,’’ एवढेच तो म्हणाला. तिथे पळसाच्या झुडपांखाली अर्धवट बुजलेले खरे वर्तुळ होते. त्याचे काही धोंडे कोणीतरी पूर्वीच धुऱ्यावर रचून टाकले होते. उपग्रहाला दिसला तो पळसाचा माथा, आणि तो माथा मॉडेलने कधी पाहिलेलाच नव्हता.

यावर माझी सवय अशी आहे. प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच दोन-तीन गावे संपूर्णपणे बाजूला ठेवावीत, त्यांची नावे वहीत लिहावीत आणि निकाल येईपर्यंत त्या गावांच्या चित्रांना हात लावू नये. खळी, विहिरी, गंज्या, आवारे यांचीही चित्रे मुद्दाम गोळा करून ‘नाही’ या वर्गात भरावीत; किंबहुना हा वर्ग ‘होय’च्या वर्गापेक्षा मोठा असलेला बरा. चित्रे पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटल्यानंतरची आणि मृगापूर्वीची निवडावीत, कारण दिवाळीच्या सुमारास कापूस आणि तूर उभी असताना जमिनीचा कणही दिसत नाही. आणि नांगर कुठे अडतो, हा प्रश्न गावात आधी विचारावा. त्याला खर्च येत नाही, म्हणूनच बहुधा तो कोणाच्या प्रस्तावात नसतो.

दुसरी चूक मोडी कागदांची आहे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिपींच्या जागतिक प्रमाणकात, 2014 साली स्थान मिळाले आणि हस्तलिखित मोडी वाचणारी मॉडेले घडवण्याचे प्रयत्नही होत आहेत, त्यांचे मोल मी नाकारत नाही. परंतु गावातल्या पेटीतून निघालेल्या कागदाचा फोटो एखाद्या सर्वसाधारण संवादी प्रणालीला देऊन ‘वाचून दाखव’ असे सांगणे म्हणजे वाचन नव्हे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढली जाते, शब्द तोडले जात नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि संक्षेपांची रेलचेल असते. जिथे अक्षर लागत नाही तिथे जाणकार वाचक अडखळतो, तर यंत्र तिथे शोभेल असा शब्द बसवून पुढे जाते. सावंगी आणि खापा ही नावे विदर्भात ठिकठिकाणी आहेत. प्रणाली त्यांतले प्रसिद्ध गाव निवडते आणि एका जिल्ह्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात जाते. मजकूर इतका सफाईदार असतो की कोणाला शंकाही येत नाही. मी ओळीच्या चित्राखाली तिचे लिप्यंतर ठेवतो, शंकास्थळे चौकटी कंसात घालतो, आणि दोन वाचकांना एकमेकांचे वाचन न दाखवता स्वतंत्रपणे वाचायला लावतो. याला वेळ लागतो. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी कागद पेटीतच राहू द्यावा.

याच कामातील सालांचा घोटाळा मला अधिक गंभीर वाटतो. जुन्या कागदांत वेगवेगळ्या कालगणना येतात : शक वर्षात 78, महसुली कामातल्या दख्खनी फसली सनात 590 आणि मराठी दफ्तरांतल्या सुहूर सनात 599 मिळवले की इसवी सन निघतो. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. फसली 1250 हे शक समजले तर 1840 ऐवजी 1328 साल येते, आणि ही चूक हसूनच पकडली जाते. पण फसलीला सुहूर समजले तर फरक फक्त नऊ वर्षांचा पडतो आणि तो कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखाली होते आणि नागपूर भोसल्यांकडे होते. तेव्हा कागद कोणत्या दफ्तरातला आहे हे ठरवल्याशिवाय साल तक्त्यात भरू नये.

वयाचा एकच आकडा उचलणे हीही त्याच जातीची घाई आहे. लोणार विवराचे वय तप्तदीप्ती पद्धतीने (तापवलेल्या खनिजातून निघणारा प्रकाश मोजून) सुमारे 52 हजार वर्षे आले होते, तर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन कालमापनाने (खडकातील आर्गॉन वायूची समस्थानिके मोजून) ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे दिले. यांतील हाताला लागेल तो आकडा माहितीसंचात टाकणाऱ्याने निदान पद्धतीचा रकाना तरी ठेवावा. कर्ब-14 पद्धतीने वय काढण्यासाठी उत्खननातला कोळसा घेताना तो चिमटीत धरू नये, कापसात वा कागदात गुंडाळू नये. स्वच्छ ॲल्युमिनियमच्या पन्नीत ठेवावा. शिवाय जुन्या सागाच्या गाभ्यातील कोळसा झाडाच्या त्या कड्याचे वय सांगतो, आग कधी पेटली ते सांगत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मोजपट्टी आणि उत्तर दिशा नसलेला फोटो मी ठेवत नाही. शिलालेखावर खडू, हळद, तेल काहीही लावू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठतात. जुन्या सर्वेक्षण नकाशांतील निर्देशांक (अक्षांश-रेखांश) एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-पद्धतीचे आणि फोनमधले जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-84 पद्धतीचे असतात, त्यामुळे रूपांतर न करता ते एकत्र केले तर मूर्ती शेजारच्या वावरात दिसू लागते. शेंदूर चढलेला दगड गावाचा देव असतो. त्रिमितीय प्रतिमेसाठी शेंदूर खरवडण्याचा विचार करणाऱ्याला मी गाडीतून उतरूच देत नाही.

स्थळांचे नेमके निर्देशांक सर्वांना खुल्या असलेल्या संचात टाकू नयेत. वर्तुळात धन पुरले आहे ही समजूत गावोगावी आहे आणि रात्री कुदळ घेऊन जाणाऱ्यांना तुमचा नकाशा आयताच मिळतो. खुल्या प्रतीत तालुक्याचे नाव पुरेसे आहे; नेमका बिंदू पुरातत्त्व खात्याकडे आणि वावराच्या मालकाकडे असावा.