रॉब रॉय करायचाय? आधी व्हरमूथ बघा

रॉब रॉय म्हणजे स्कॉच व्हिस्की आणि व्हरमूथचं कॉकटेल. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच फ्रीज उघडा आणि गोड लाल व्हरमूथचा वास घ्या. रॉब रॉय बिघडतो तो बहुधा स्कॉचमुळे नाही, कपाटात महिनोन्‌महिने उघड्या पडलेल्या व्हरमूथमुळे. ती शेवटी औषधी वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइनच. बूच निघालं की तिची जागा फ्रीजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. आंबूस वाटली तर स्वयंपाकात जिरवा आणि नवी आणा, शक्यतो लहान बाटली.

स्कॉचवर फार खर्च करू नका, बरीशी ब्लेंडेड पुरते. जुनी सिंगल माल्ट यात ओतणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. आयला या स्कॉटिश बेटावरची धुरकट व्हिस्कीही नको, बाकी चवी ती गिळून टाकते. अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे थेंबाथेंबाने घालायच्या कडू अर्काची, छोटी बाटली घ्या. बाटलीपेक्षा मोठं लेबल गुंडाळलेली तीच ती, वर्षभर सहज जाते.

बर्फ मोठ्या तुकड्यांचा, रात्रीच लावलेला आणि झाकलेला हवा. शेजारच्या सुरमईचा वास त्याला लागला तर सगळी मेहनत पाण्यात. ग्लास अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. 60 मिली स्कॉच, म्हणजे आपला लार्ज, 30 मिली व्हरमूथ आणि बिटर्सचे दोन शिंतोडे बर्फावर घालून लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं. शेकर नको, पेय गढूळ होतं. ढवळताना बर्फाचं थोडं पाणी मिसळतं, ते हवंच असतं. मग गाळून वर चेरी. केकवरची लालभडक चेरी मात्र नको, त्यापेक्षा संत्र्याची साल बरी.

कुणी विचारलंच, तर सांगायला एवढं लक्षात ठेवा: नाव स्कॉटिश असलं तरी जन्म न्यूयॉर्कचा. 1894 साली वॉल्डॉर्फ हॉटेलात हा बनला आणि त्याच वर्षी रंगमंचावर आलेल्या रेजिनाल्ड डी कोवेनच्या ‘रॉब रॉय’ या ऑपेरेटावरून (हलक्याफुलक्या संगीत नाटकावरून) त्याला नाव मिळालं, असं सांगतात. मॅनहॅटन या कॉकटेलमधल्या राय व्हिस्कीच्या जागी स्कॉच, एवढाच काय तो फरक.

गोड न आवडणाऱ्यांसाठी ड्राय व्हरमूथ आणि लिंबाची साल हाताशी असू द्या. दोन्ही व्हरमूथ निम्म्या-निम्म्या घातल्या की झाला ‘परफेक्ट’. बेनेडिक्टिन ही गोड फ्रेंच लिकर मिळाली तर चमचाभर घालून, बिटर्स वगळून बॉबी बर्न्स हे कॉकटेल करा, मला तो मूळ पेयाहूनही आवडतो. त्याला उत्तम मुहूर्त म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस, 25 जानेवारी. फक्त दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ड्राय डे, त्यामुळे बाटल्या आणि दारूचा परवाना, दोन्ही आधीच बघून ठेवा.