हवाई कसरतींचा छंद खिशाला परवडेल असा कसा जोपासावा

वर्षानुवर्षे हौसेने विमानांच्या कसरती पाहत आलेल्या माणसाला तिकीट महागले म्हणून घरी बसावे लागणे, ही गोष्ट मला मनापासून खटकते. कार्यक्रम धर्मादाय असेल तर अधिकच. तिकिटाची किंमत आपल्या हाती नसली, तरी एकूण खर्चाची आखणी आपल्याच हाती असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शौकिनाने ती पुढील क्रमाने करावी.

आधी, ज्या कसरतींना तिकीटच नसते त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके आपल्या दारातच, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाली. पुढच्याच महिन्यात, १२ ते १४ जानेवारी २०२४ या काळात, हवाई दलाने मुंबईत मरीन ड्राइव्हवर विनामूल्य कसरती केल्या आणि त्यांत सूर्यकिरण (जेट विमानांचे) व सारंग (हेलिकॉप्टरांचे) ही दोन्ही कसरत-पथके होती. मात्र विनामूल्य कार्यक्रमाला गर्दी अफाट लोटते. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उन्हाने आणि गर्दीने पाच जणांचा बळी घेतला, हे विसरू नये. पाणी व टोपी जवळ ठेवावी आणि कार्यक्रम संपल्याबरोबर स्टेशनकडे धावू नये. वयस्कर माणसांनी शक्य असल्यास रंगीत तालमीचा दिवस निवडावा. विमाने बहुधा तीच असतात आणि गर्दी कमी असते.

तिकीट काढायचेच असेल, तर आपल्याला नेमके काय पाहायचे आहे ते ठरवून त्याचा प्रकार निवडावा. बेंगळुरूजवळ येलहंका येथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या एरो इंडिया या विमान-प्रदर्शनाचे उदाहरण घ्या. २०२५ मध्ये केवळ कसरती पाहण्याच्या जागेचे तिकीट १००० रुपये, तर प्रदर्शनासह सर्वसाधारण तिकीट २५०० रुपये होते. ज्याचा जीव आकाशातल्या विमानांत आहे, त्याला पहिले तिकीट पुरते, आणि त्यामुळे नवरा-बायकोचे मिळून ३००० रुपये वाचतात. सावंतवाडीहून एसटीने आंबोली घाट चढून बेळगाव गाठावे आणि तिथून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करावा, म्हणजे एका रात्रीच्या लॉजचे भाडेही सुटते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

दुर्बीण एकदाच, पण नीट पारखून घ्यावी. ८×४२ मधला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वेगाने वळणारे विमान हातातल्या दुर्बिणीने टिपायला आठपट पुरेसे आहे; त्याहून मोठ्या पटीत हात हलला की विमान चौकटीबाहेर जाते. किनाऱ्यावरून परतल्यावर भिंगावरचे खारे कण आधी फुंकणीने उडवावेत आणि मगच मऊ कापड फिरवावे, नाहीतर भिंगावर ओरखडे पडतात.

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाणे झाले आणि तिथल्या धर्मादाय एअर शोचा बेत ठरला, तर भाव पाहून संतापण्याआधी त्यामागची कारणे समजून घ्यावीत. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅम येथे, हवाई दलातील आजी-माजी सैनिकांच्या मदतीसाठी भरलेल्या कार्यक्रमात, हॉकर हंटर विमान रस्त्यावर कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम कडक झाले आणि आयोजकांना परवान्यासाठी भरावे लागणारे शुल्कही वाढले. विमा, इंधन आणि सुरक्षा यांचा खर्च वेगळाच. बोर्नमथच्या किनाऱ्यावरचा विनामूल्य हवाई महोत्सव २००८ पासून भरत असे. स्थानिक परिषदेने पैसा देणे थांबवल्यावर २०२४ चा शेवटचा ठरला. म्हणूनच तिकीट मुळीच नसावे, असे माझे म्हणणे नाही. एक स्वस्त दर मात्र कायम राहायलाच हवा.

इंग्लंडमधल्या फेअरफर्डच्या रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू या एअर शोसारख्या कार्यक्रमातून ब्रिटिश हवाई दलाच्या धर्मादाय न्यासाला मदत होते, तरी तिकिटाची सगळी रक्कम दानात जाते असे कुठेही गृहीत धरू नये; खर्च वजा जाता जे उरते, तेच संस्थेला मिळते. ज्याला दान करायचे आहे त्याने संस्थेला थेट द्यावे आणि तिकीट साधेच काढावे. राखीव आसन, जेवण, वाहनतळ अशा जोडसेवा नाकारल्या, तर बराच पैसा वाचतो. अंगात बळ असेल त्याने स्वयंसेवक होता येते का, याचीही चौकशी करावी.

शेवटी आयोजकांना पत्र लिहावे. आपण किती वर्षे येत आहोत ते एका वाक्यात सांगून तीन मागण्या कराव्यात: उभ्याने पाहण्याच्या जागेचा वेगळा कमी दर, ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना कामाच्या दिवशी सवलत, आणि मागील वर्षी संस्थेला प्रत्यक्ष किती रक्कम पोचली याचा जाहीर हिशेब. हे पत्र यंदाचा कार्यक्रम संपल्यावर लगेच धाडावे, कारण पुढच्या वर्षीचे दर एकदा जाहीर झाले की ते बदलणे आयोजकांनाही जड जाते.