सीएनसी ऑपरेटर ते सेटर: नोकरीत राहूनच शिकायचा क्रम

सीएनसी लेथवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर) दोन-तीन वर्षं जॉब लावण्या-काढण्यात गेली की बरेच ऑपरेटर प्रोग्रामिंगच्या क्लासला पैसे भरतात. कोड पाठ होतात, पण कामावर पुन्हा सायकल स्टार्टचं बटणच दाबावं लागतं. सेटरला, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी जुळवून देणाऱ्याला, पगार मिळतो तो जॉब बदलल्यावर पहिला पीस ओके काढण्याचा. म्हणून शिकायचा क्रम असा ठेवा: आधी मोजणं, मग ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या जागेची मापं), मग ड्रॉइंग, आणि प्रोग्राम शेवटी.

मोजणं

साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१. आता ड्रॉइंगमध्ये २५ मिमीच्या बोअरवर (भोकावर) कॅपिटल एच ७ लिहिलंय असं धरा. त्याची मर्यादा शून्य ते अधिक ०.०२१. हा बोअर व्हर्नियरने पास करणं म्हणजे अंदाज बांधणं. तिथे बोअर डायल किंवा प्लग गेजच लागतं. अक्षर नीट बघा: कॅपिटल म्हणजे भोक, स्मॉल म्हणजे शाफ्ट. २५ च्या शाफ्टवर स्मॉल एच ६ असेल, तर मर्यादा शून्य ते उणे ०.०१३ अशी उलट्या बाजूला जाते.

रोज २० पीस स्वतः मोजा, वहीत लिहा आणि शेजारी इन्स्पेक्टरचं रीडिंग घ्या. फरक सातत्याने ०.०१ च्या आत येईपर्यंत पुढे जाऊ नका. घाईत होणारी एक चूक सांगायलाच हवी. पीस मशीनमधून गरमच काढून मोजला जातो. १०० मिमी स्टील १० अंशांनी तापलं की साधारण ०.०१२ मिमी वाढतं. ते मोठं दिसतं म्हणून ऑफसेट कमी करायचा, आणि थंड झाल्यावर लॉट अंडरसाइज निघतो.

ऑफसेट

रिजेक्शनचं एक मोठं कारण इथे आहे, म्हणून वेळही इथेच द्या. फानुक कंट्रोलवर जॉमेट्री (टूलची मूळ जागा) आणि वेअर (त्यातली बारीक दुरुस्ती) ही दोन पानं असतात. टूल सेट करताना जॉमेट्री, चालू लॉटमध्ये साइज राखताना फक्त वेअर. लेथवर एक्स अक्षाचा आकडा सहसा व्यासात चालतो, म्हणून फरक अर्धा करू नका. बाहेरचा व्यास ०.०४ ने जास्त आला, तर एक्सच्या वेअरमध्ये उणे ०.०४. बोअर ०.०४ ने कमी आला, तर अधिक ०.०४.

‘इनपुट’ दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो. ‘प्लस इनपुट’ने जुन्यात भर पडते. आधीचं वेअर उणे ०.०६ असताना नुसतं इनपुट दाबून उणे ०.०४ टाकलं, तर साइज कमी व्हायच्या ऐवजी ०.०२ ने वाढते. दशांश टिंबही तपासा, कारण ते विसरलं तर बऱ्याच मशीनवर ४ म्हणजे ०.००४ धरलं जातं. आणि सेटरला विचारल्याशिवाय ऑफसेटला हात लावू नका. परवानगी घेऊन, त्याच्या समोर टाका.

फेरे आणि फीड

मिनिटाला फेरे = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास). ५० मिमी व्यास, स्पीड १८० मीटर प्रति मिनिट, तर साधारण ११४६ फेरे. फिनिश खराब येत असेल तर आधी फीड (एका फेऱ्यात टूल किती सरकतं) बघा: फीड निम्मं केलं की रेषांची उंची हिशोबाने चौथाईवर येते. जी ९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) वापरताना जी ५० या कोडने फेऱ्यांची कमाल मर्यादा घातलीच पाहिजे. नाहीतर फेसिंग करताना टूल मध्याकडे जाईल तसे फेरे चढत जातात, चकच्या जॉची पकड सैल पडते आणि जॉब उडू शकतो.

पहिला पीस

वेअरमध्ये बाहेरच्या व्यासासाठी अधिक ०.२ ठेवा, म्हणजे पीस मुद्दाम मोठा राहतो. सिंगल ब्लॉक (प्रोग्रामची एकेक ओळ) चालू, रॅपिड (कट नसतानाची वेगवान चाल) सगळ्यात कमी, बोट फीड होल्डवर (टूलची चाल थांबवणाऱ्या बटणावर). टूल जॉबजवळ आलं की थांबवा. स्क्रीनवर ‘डिस्टन्स टू गो’ (उरलेलं अंतर) ५ मिमी दाखवत असेल आणि डोळ्यांना २ मिमीच अंतर दिसत असेल, तर ऑफसेट चुकलाय, पुढे जाऊ नका. कट झाल्यावर मोजा: ४०.०० हवा, ४०.२३ आला, तर प्लस इनपुटने उणे ०.२३.

हे करायला मिळावं म्हणून सुपरवायझरकडे ‘मला शिकवा’ असं मोघम मागू नका. प्लॅन बघून ठरावीक जॉब बदलाचं नाव घ्या: ‘गुरुवारी हा जॉब लागणार आहे, शिफ्ट संपल्यावर अर्धा तास सेटरजवळ थांबू का?’ अशा मागणीला होकार मिळणं सोपं जातं. प्रत्येक सेटिंगची वहीत नोंद ठेवा: जॉब, टूल, इन्सर्ट (टूलला लावायचं बदलतं पातं), पहिल्या पीसचं रीडिंग, काय चुकलं.

कागद

दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. कामातून आलेलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देणारी आरपीएल ही सरकारी सोय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसीचे छोटे कोर्सही चालतात. हे सगळं उपयोगाचं, पण वरचा क्रम पक्का झाल्यावर.

सेटरच्या मुलाखतीत हातात ड्रॉइंग येतं. प्रोजेक्शनचं चिन्ह बघून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (ड्रॉइंगमध्ये बाजू मांडायच्या दोन पद्धती) ते आधी सांगा. मग जॉब कुठे धरणार, कोणतं टूल आधी, कशाने मोजणार हे त्याच क्रमाने. इन्सर्टही विचारतात: सीएनएमजी १२०४०८ मधलं शेवटचं ०८ म्हणजे ०.८ मिमी नोज रेडियस (टोकाची गोलाई).