ऑक्टोपस, पोनी आणि आपले उतावीळ लोक: या चुका टाळा

बेळगावहून समुद्र काही लांब नाही. शुक्रवारी रात्री गाडी काढली की सकाळी मालवणात नाहीतर मुरुडेश्वरला बोटीत. त्यामुळे हल्ली आमच्याकडे स्कूबा डाइव्हिंगसाठी स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाला देणारं उपकरण, बाळगणारे बरेच झालेत. चांगलंच आहे. पण बॅकअप हवेचे, म्हणजे पोनीचे आणि ऑक्टोपसचे (मुख्य सिलिंडरलाच जोडलेला जादा रेग्युलेटर, बडीला म्हणजे जोडीदाराला द्यायचा) तेच तेच घोळ सांगून माझं तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पोनीची आणि मुख्य सिलिंडरची सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) सारखीच काळी ठेवणं. पोनी म्हणजे मोठ्या सिलिंडरच्या बाजूला बांधायचं छोटं सिलिंडर, रेग्युलेटरसकट पूर्ण वेगळं. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर आमच्यातला एक पोरगा 13 क्युबिक फुटांची नवी कोरी पोनी घेऊन आला. तिचा क्लॅम्प बेळगावच्या उद्यमबागेतून करून आणलेला, तो झकास होता. लोखंडाच्या कामात आपल्या लोकांचा हात कोण धरणार? पण दोन्ही माऊथपीस एकाच रंगाचे, दोन्ही उजव्या खांद्यावरून आलेले. मी बोटीत म्हटलं, एकाला टेप तरी गुंडाळ. "असूंदे की ओ दादा, कळतंय मला."

उतरलो. 14 मीटरवर पाचेक मिनिटं झाली आणि पठ्ठ्यानं मला सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज दाखवला, 190 बार. वर हाताने ओके. स्वारी खूश, कारण हवा संपतच नव्हती! संपणार कशी? तो पोनीतून श्वास घेत होता आणि बघत होता मुख्य सिलिंडरचा गेज. 13 क्युबिक फूट म्हणजे साधारण 368 लिटर. 14 मीटरवर दाब 2.4 पट, त्यामुळे पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर खाणारा माणूस तिथं 48 लिटर खातो. सात-आठ मिनिटांचा खेळ. संपली तेव्हा त्याने गेजवर दोनदा टिचकी मारली आणि सरळ माझ्या तोंडातला रेग्युलेटर ओढला. माझ्या छातीवरचा पिवळा ऑक्टोपस त्याला दिसलाच नाही. घाबरलेला माणूस तोंडातलाच ओढतो, कारण तो चालू आहे हे त्याला दिसत असतं. पाठीवर जवळपास भरलेलं सिलिंडर घेऊन साहेब माझ्या हवेवर वर आले.

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. तोंडातला रेग्युलेटर लांब होजवर (नळीवर) ठेवतो, तोच देऊन टाकायचा. माझा स्वतःचा बॅकअप हनुवटीखाली रबराच्या गळपट्ट्यात, हात न लावताही तोंडात येतो. सगळे असं करत नाहीत आणि तुमचे इन्स्ट्रक्टर वेगळं शिकवत असतील तर तसं करा, पण बडीला बोटीतच सांगा की कुठला देणार. पोनीला पिवळा माऊथपीस, होज डावीकडून, आणि पाण्यात उडी मारायच्या आधी दोन्हींतून चार-चार श्वास. श्वास घेताना गेजकडे बघायचं. काटा थरथरला तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा अर्धवट उघडा आहे.

दुसरा घोळ खरेदीचा. पाण्याच्या बाटलीएवढं, 3 क्युबिक फुटांचं चिमुकलं सिलिंडर घेऊन लोक निर्धास्त होतात. त्यात हवा सुमारे 85 लिटर. 18 मीटरवर दाब 2.8 पट आणि घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर सहज ओढतो, म्हणजे तिथं 84. काय झालं हे कळेपर्यंतच बाटली रिकामी. आता नीट हिशेब करा: खाली सावरायला एक मिनिट, मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने वर यायला दोन मिनिटं, त्याला 115 लिटर, आणि 5 मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलात तर आणखी 135. झाले 335 लिटर. अगदीच गळ्याशी आलं तर थांबा सोडता येतो, पण विकत घेतानाच तो सोडायचा ठरवून कशाला घ्यायचं? 3 लिटरची पोनी 200 बारला 600 लिटर देते. आणि खरं सांगू का, उथळ पाण्यात बडीजवळ राहून फिरणाऱ्याला पोनी लागतच नाही. चांगला ऑक्टोपस आणि गेज बघायची सवय एवढं पुरतं. पण सवय दुकानात मिळत नाही ना!

ऑक्टोपस लोंबकळत सोडू नका. मालवणची वाळू त्यात गेली की ऐन वेळी हवेसोबत वाळूही मिळते. हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात, एका झटक्यात सुटेल असा अडकवा. बहुतेक ऑक्टोपस उलटा धरून दिला तर पाणी तोंडात येतं. माऊथपीस मोकळा आणि वरच्या बाजूला राहिला तर हवा भसाभसा सुटते, तेव्हा तोंड खाली करा.

सराव पलंगावर बसून होत नाही, आणि गावच्या विहिरीत तर मुळीच करू नका. सिलिंडरची हवा छातीत कोंडून वर आलात तर चार-पाच फूट पाणीसुद्धा फुफ्फुस फाडायला पुरतं. इन्स्ट्रक्टरसोबत पोहण्याच्या टँकमध्ये करा. मी प्रत्येक ट्रिपच्या पहिल्या डाइव्हला 5 मीटरवर बडीला हवा संपल्याची खूण करतो, डोळे मिटून त्याचा ऑक्टोपस शोधतो, दोन मिनिटं त्यातून श्वास घेतो. नवीन पोरं कंटाळतात, त्यांना कासव बघायचं असतं. कंटाळू देत.

पोनी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरायला निघालेले पण भेटलेत. तेल आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात घ्यायचा असेल तर खुशाल भरा.

आणि घाट. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, तिथं हवेचा दाब कमी. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली किंवा चोर्ला चढणं म्हणजे अंगात विरघळलेला नायट्रोजन घेऊन उंचीवर जाणं, आणि कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर 12 आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबायला सांगतात, मी घाटालाही तोच हिशेब लावतो. हवा संपून घाईत वर आला असाल तर त्या दिवशी निघूच नका, आणि सांधे दुखले किंवा मुंग्या आल्या तर घाटाऐवजी डॉक्टर गाठा. सोमवारची रजा टाका, मालवणात आणखी एक रात्र काढा, सोलकढी प्या.