लहान युनिटमध्ये कामगारांच्या तक्रारी आणि शिस्त कशी सांभाळावी

रबाळे एमआयडीसीत माझं बावीस माणसांचं पॅकेजिंगचं युनिट आहे. निम्मी माणसं दिवा, मुंब्रा, कळव्याहून येतात आणि ठाण्याला ट्रान्स हार्बरची गाडी बदलतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. कामावरून भांडणं कमी होतात, तोंडी ठरलेल्या गोष्टींवरून जास्त.

पहिलं काम: कागद. माणूस रुजू झाला त्याच दिवशी नियुक्तीपत्र द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि आता ते प्रत्येकाला द्यावंच लागतं. त्यात हुद्दा, मूळ पगार, भत्ते, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि नोटिशीचा काळ लिहा. दोन प्रती काढा, दोन्हींवर सह्या घ्या. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत झाला पाहिजे, ओव्हरटाइम दुप्पट दराने. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), वीस झाली की पीएफ. उचल दिलीत तर रक्कम आणि कपातीचा हप्ता त्याच्यासमोर रजिस्टरमध्ये लिहून सही घ्या. पगाराच्या दिवशी होणारी निम्मी कुरबुर तिथेच थांबते.

मग ऐकून घेणं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. आमचा कटिंग मशीनचा एक ऑपरेटर एकाच आठवड्यात चारदा उशिरा आला. सुपरवायझरने त्याला मशीनपाशीच, सगळ्यांदेखत झापलं. त्याने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि सरळ गेटबाहेर पडला. संध्याकाळी मी फोन केला, दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं, “घरी काय चाललंय?” बायको बाळंतपणाला गावी गेली होती, दिव्याच्या चाळीत नळाला पाणी सकाळी उशिरा यायचं, आणि ते भरल्याशिवाय म्हाताऱ्या आईला सोडून निघता येत नव्हतं. आम्ही दोन महिन्यांसाठी त्याची वेळ तासभर पुढे ढकलली, सुटायचीही तेवढीच पुढे, आणि तेही लिहून दोघांनी सह्या केल्या. सुपरवायझरला वेगळं बसवून सांगितलं: बोलायचं ते बाजूला घेऊन, चारचौघांत नाही.

तक्रार आली की त्याच दिवशी ऐका. दोघांचं भांडण असेल तर आधी एकेकट्याशी बोला, मग समोरासमोर बसवा. कोणी काय सांगितलं ते तारखेसह वहीत उतरवा.

समजावूनही फरक पडला नाही तर मेमो, म्हणजे लेखी खुलासा मागणारं पत्र, द्या. “वागणूक बरी नाही” असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय झालं ते लिहा आणि उत्तराला पुरेशी मुदत द्या. त्याने मेमो घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि प्रत स्पीड पोस्टाने घरी पाठवा. प्रकरण गंभीर असेल, म्हणजे चोरी, मारामारी, दारू पिऊन मशीनवर उभं राहणं, तर आरोपपत्र देऊन रीतसर चौकशी करा आणि त्याला बाजू मांडू द्या. इथपर्यंत गोष्ट आली की कामगार कायद्याचा वकील गाठाच. रागाच्या भरात “उद्यापासून येऊ नकोस” म्हणून मोकळं होणारे मालक मी पाहिले आहेत. पुढे कामगार न्यायालयात दाखवायला त्यांच्याकडे एक कागदही नसतो.

बाईमाणसाची लैंगिक छळाची तक्रार घरच्या घरी मिटवायला जाऊ नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती. माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपल्या एमआयडीसीचा पत्ता नवी मुंबईचा असला तरी जिल्हा ठाणे. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची. त्या काळात तिचं नाव शॉपफ्लोअरवर चघळलं जाणार नाही, ही जबाबदारी तुमची.

माणूस सोडून जाताना वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा. राजीनामा असो वा काढून टाकणं, नियम तोच. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका. अनुभवपत्र हातात द्या आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख लगेच भरा. ती राहिली की पैसे काढताना त्याला अडचण येते.