लोकल आणि मेट्रोने मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) पर्यंत कसं जायचं

आधी विमानाच्या तिकिटावर टर्मिनल बघा. मेट्रो-३ वर (कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो) टी-१ आणि टी-२ ही वेगवेगळी स्टेशनं आहेत आणि दोघांच्या मध्ये सहार रोड येतं. चुकीच्या ठिकाणी उतरलात, तर बॅगा घेऊन पुन्हा गाडीची वाट बघावी लागते.

दक्षिण मुंबईतून जाणं सर्वांत सोपं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे चर्चगेट, सीएसएमटी किंवा दादरहून आरेकडे जाणारी मेट्रो पकडली की थेट टी-२.

डोंबिवली-ठाण्याकडून येणाऱ्यांनी फास्ट लोकलने घाटकोपरला उतरावं. मात्र प्रत्येक फास्ट तिथे थांबेलच असं धरून चालू नका, इंडिकेटरवर थांबे वाचा. सामान असेल तर कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या गाडीपेक्षा डोंबिवलीहून किंवा ठाण्याहून सुटणारी लोकल बरी. विक्रोळी गेली की दाराकडे सरका आणि घाटकोपर कुठल्या बाजूला येणार हे आधीच विचारून ठेवा, कारण गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. पनवेल-वाशीकरांनी कुर्ल्याला गाडी बदलून घाटकोपर गाठावं.

घाटकोपरला मेट्रो पश्चिमेला आहे. मेट्रो-१ ने (घाटकोपर ते वर्सोवा) वर्सोव्याच्या दिशेने चौथं स्टेशन मरोळ नाका; तिथे मेट्रो-३ साठी उतरायचं. बोरिवलीकडून येणाऱ्यांनी अंधेरीला पूर्वेच्या बाजूने मेट्रो-१ घ्यावी. घाटकोपरच्या दिशेने त्यांनाही मरोळ नाका चौथंच पडतं. दहिसर पूर्व किंवा त्या पट्ट्यातल्यांना लोकलची गरजच नाही: मेट्रो-७ ने गुंदवली, तिथून पुलावरून मेट्रो-१ चं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन, मग मरोळ नाका.

सगळ्यात जास्त वेळ मरोळ नाक्यालाच जातो. मेट्रो-१ उन्नत, मेट्रो-३ भुयारी, आणि दोन्ही चालवणाऱ्या संस्था वेगळ्या. म्हणून एका गेटमधून बाहेर पडून दुसऱ्या गेटमधून आत जावं लागतं, शिवाय बॅगांची तपासणी पुन्हा होते. बॅगा जड असतील तर लिफ्ट शोधा आणि या बदलासाठी हाताशी पंधरा मिनिटं ठेवा. खाली कफ परेडच्या दिशेची गाडी घ्या; पुढचंच स्टेशन टी-२.

तिकिटांत लोक हमखास अडकतात. लोकलचं तिकीट मेट्रोत चालत नाही. मोबाइलवर लोकलचं तिकीट काढायचं असेल तर स्टेशनच्या हद्दीत शिरण्याआधी काढा. आत गेल्यावर ते निघेलच असं नाही. तिकिटाचा स्क्रीनशॉट टीसी मानत नाही. 'मुंबई वन' ॲपमध्ये लोकल आणि मेट्रो दोन्हींची तिकिटं मिळतात. मेट्रो-३ चं तिकीट मात्र वर असतानाच काढून घ्या, कारण भुयारात मोबाइलचं नेटवर्क भरवशाचं नाही. भाडं मेट्रो-१ वर १० ते ४० रुपये, मेट्रो-३ वर १० ते ७०.

रविवारी लोकलच्या मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) असतो. शनिवारीच वेळापत्रक बघा आणि एरवीपेक्षा तासभर आधी निघा. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात घाटकोपर आणि अंधेरी, दोन्हीकडे मेट्रोच्या जिन्यांपर्यंत रांग येते. दोन मोठ्या सुटकेस आणि लहान मूल सोबत असेल, तर त्या वेळेत टॅक्सीच करा.

परतीचं गणित वेगळं आहे. मेट्रो-३ ची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि पहाटेची सहाच्या आसपास. बरीच परदेशी विमानं या मधल्या वेळातच उतरतात, तेव्हा रात्रीच्या टॅक्सीची सोय आधीच लावून ठेवा.