पझलचे तुकडे मिसळू नयेत म्हणून

घरात तीन-चार पझल जमली की त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात, पुठ्ठ्याची खोकी कोपऱ्यांतून फाटतात आणि शेवटी एकही चित्र पूर्ण जुळत नाही.

यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक पझल एकदा पूर्ण जुळवून तुकडे मोजावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला त्या पझलची ठरावीक खूण करावी: एकाला गोल, दुसऱ्याला त्रिकोण, तिसऱ्याला फुली. वाचता न येणाऱ्या मुलालाही खूण ओळखता येते, म्हणून अक्षरांपेक्षा आकार बरे. शाई पुढच्या बाजूला उमटू नये यासाठी स्केचपेनऐवजी पेन्सिल वापरावी. त्यानंतर खोक्यावरचे चित्र कापून ते तुकड्यांसह चेन असलेल्या जाळीदार पिशवीत ठेवावे, पिशवीला तीच खूण व तुकड्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि साऱ्या पिशव्या एका उथळ टोपलीत पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. आडव्या रचल्यास मूल नेमकी तळातलीच ओढते. पुढे सोफ्याखाली एखादा तुकडा सापडला, तर तो उलटून पाहताच कोणत्या पिशवीतला आहे ते कळते.

घरात 3 वर्षांखालील मूल असल्यास ही टोपली त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी, कारण लहान तुकडे घशात अडकू शकतात.